मीटर रूममधली पेटी एकदा उघडून बघा : मुंबईतल्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई शहर आणि उपनगरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : इमारतीच्या आतल्या जोडण्यांमुळे वारंवार जाणारं इंटरनेट आणि त्यामुळे घराघरांत तुटणारं गाणं

सस्नेह नमस्कार.

घरचं नेट गेलं की सभासद आधी कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, मग वरचा प्लॅन घेतात. शंभर एमबीपीएसचे तीनशे होतात आणि पुढच्या महिन्यात गाणं पुन्हा तसंच अडकतं. आम्ही ब्रॉडबँडच्या जोडण्या आणि घरांतली संगीताची यंत्रणा बसवण्याचं, दुरुस्तीचं काम करतो. आमचं ठाम मत आहे की नेट जाण्याची बरीचशी कारणं सोसायटीच्या गेटच्या आत असतात. मीटर रूम, डक्ट (केबल मजल्यांवर नेणारी उभी पोकळी) आणि गच्ची या त्या जागा. तिन्ही तुमच्या ताब्यात आहेत. सभासदाला तिथे हात लावता येत नाही आणि कंपनीचा माणूस तुमच्या परवानगीशिवाय तिथे पोचत नाही. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

आधी वेगाचा हिशेब मांडू, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपचा ‘व्हेरी हाय’ दर्जा ३२० केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ४० किलोबाइट, पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर एवढं उतरवायला एक सेकंद पुरतो. सीडीवरचं, काहीही न दाबलेलं ध्वनिमुद्रण घेतलं तरी ते १४११ केबीपीएसच्या पुढे जात नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, त्या किमान गतीतसुद्धा ३२० केबीपीएसची सहा गाणी एकाच वेळी मावतात. गाण्यासाठी वेग कधीच कमी पडलेला नाही. कमी पडते ती सलगता.

आणि ती कुठे तुटते यावर कुणाचं किती नुकसान होतं हे ठरतं. तीन-चार मिनिटांचं चित्रपटगीत ऐकणाऱ्याला छोटा खंड बऱ्याचदा कळतही नाही, कारण अ‍ॅपने चालू गाण्याचा बराचसा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. गाणं नीट संपतं आणि पुढचं सुरूच होत नाही. पन्नास मिनिटांचा ख्याल ऐकणाऱ्याची मात्र बैठकच मोडते. राग हळूहळू उलगडत द्रुतापर्यंत आलेला असतो, तिथे खंड पडतो आणि काही अ‍ॅप लाइन परत आल्यावर ट्रॅक पहिल्यापासून लावतात. थेट रेडिओला जेमतेम काही सेकंदांचा साठा असतो, त्यामुळे दोन मिनिटं नेट गेलं की जवळजवळ दोन मिनिटं शांतता. सगळ्यांत हाल ऑनलाइन शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे. तिथे साठा करून ठेवण्यासारखं काही नसतंच. गुरूंनी घेतलेली तान अर्धी पोचते, शिष्य चुकीच्या मात्रेवर उचलतो आणि तासाच्या क्लासमधली वीस मिनिटं ‘आवाज येतोय का?’ विचारण्यात जातात. दादर, गिरगाव, पार्ले, ठाण्याकडच्या घरांतून आज कितीतरी गायक-वादक असे वर्ग घेतात. त्यांच्यासाठी हे पोटापाण्याचं साधन आहे, हे कृपया लक्षात घ्या.

आता मीटर रूम. भिंतीवर एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी दिसेल. तिच्यात दोनांपैकी एक प्रकार असतो. पहिल्या प्रकारात नुसता स्प्लिटर असतो. बाहेरून आलेल्या एका फायबरमधला (काचेच्या बारीक तंतूमधला) प्रकाश तो आठ किंवा सोळा फायबरमध्ये वाटून देतो, त्याला वीज लागत नाही. दुसऱ्या प्रकारात फायबर एखाद्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये (प्रकाशाचे विजेचे संकेत करणारं यंत्र) किंवा स्विचमध्ये (दिव्याचं बटण नव्हे, नेट घरोघरी वाटणारं यंत्र) येऊन संपतं आणि तिथून घरोघरी लॅन केबल जातात. त्याला वीज लागते. जुन्या तीन-चार मजली इमारती आणि स्थानिक केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्या सोसायट्या यांत दुसरा प्रकार अजून भरपूर आहे.

हा फरक समितीतल्या एकाला तरी माहीत असायला हवा. स्प्लिटरच्या इमारतीत वीज गेली आणि घरातल्या मॉडेमला बॅटरी असली, तर नेट चालू राहू शकतं, कारण कंपनीच्या टोकाला सहसा बॅटरीची सोय असते. स्विचच्या इमारतीत घरात कितीही मोठा इन्व्हर्टर बसवा, मीटर रूममधला दहा वॅटचा स्विच बंद पडला की त्याच्यावरची सगळी घरं बंद. म्हणून चालकाला, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा केबलवाल्याला, विचारायचा पहिला प्रश्न हाच : आमच्या इमारतीत वीज लागणारं तुमचं काय काय आहे, आणि ते कुठल्या सॉकेटवर आहे?

मुंबईत वीज फारशी जात नाही, त्यामुळे इन्व्हर्टर ठेवायची पद्धतच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून शहराचा मोठा भाग काही तास विजेविना राहिला, तसं क्वचित घडतं. रोजचा त्रास दोन सेकंदांच्या झटक्याचा आहे. स्विचचा अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा जिन्यातल्या दिव्यांच्या किंवा पंपाच्या लाइनवरच खोचलेला असतो. पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि स्विच रीस्टार्ट होतो. त्याला उठायला मिनिटभर लागतं, मग सगळ्या घरांतले राउटर एकाच वेळी पुन्हा लॉगइन करायला धावतात. दोन सेकंदांची तीन-चार मिनिटं होतात. पाणी चढवायची वेळ सकाळची असेल तर रोज सकाळी, ऐन अभंग आणि रियाजाच्या वेळी हे घडतं आणि कुणाला त्याचा पंपाशी संबंध लागत नाही.

उपाय स्वस्त आहे. वायरमनकडून या पेटीसाठी स्वतंत्र ६ अँपियरचा एमसीबी आणि अर्थिंग असलेला सॉकेट काढून घ्या. स्विच १२ व्होल्टवर चालणारा असेल तर त्याला १२ व्होल्टचा डीसी मिनी यूपीएस लावा. लॅमिंग्टन रोडवर तो साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. त्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असेल तर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने आत सुमारे ३२ वॅट-तास ऊर्जा असते. दहा वॅटच्या स्विचला घट धरून अडीच तास मिळतात, आणि पंपाचा झटका तर स्विचपर्यंत पोचतच नाही. घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपियर मूळ अ‍ॅडॅप्टरवरच्या आकड्याइतके किंवा जास्त हवेत. दीड अँपियर मागणारं यंत्र एक अँपियरच्या यूपीएसवर लावलं की संध्याकाळी सगळे घरी आल्यावर, भार वाढला की ते आपोआप रीस्टार्ट होत राहतं. पेटीत दोन-तीन चालकांचे स्विच असतील तर ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस घ्या. त्यातली ७ एएचची बॅटरी २५-३० वॅटच्या भाराला तासभर धरते. बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकदा मुख्य वीज बंद करून, घड्याळ लावून ती किती वेळ टिकते हे बघा. पेटी पूर्ण बंद पत्र्याची असेल तर तिला झरोके पाडून घ्या. मे महिन्याच्या उकाड्यात अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर सुकतात आणि यंत्र चालू दिसत असतानाच मधूनमधून झोपायला लागतं.

यूपीएसचा खर्च चालकाने करायचा की सोसायटीने, यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. आमचं म्हणणं असं की चालकाने करायला हवा, पण तो टाळत असेल तर सोसायटीने करून टाकावा. मिनी यूपीएसचा खर्च चाळीस घरांत वाटला तर घरामागे साधारण पन्नास रुपयांच्या पुढे जात नाही.

पुढचा विषय फायबरचा. प्रत्येक घरातल्या फायबर मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर, आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं एकक. आकडा उणे असतो, आणि उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २३ असेल तर जोडणी ठणठणीत. यंत्र साधारण उणे २७ पर्यंत तग धरतं. मे महिन्यात उणे २५ किंवा २६ दाखवणारं घर जुलैत पडण्याची शक्यता फार मोठी, कारण तोपर्यंत गेटजवळची लोंबती केबल वाऱ्याने ताणली गेलेली असते आणि उघड्या जोडांत ओल आणि धूळ शिरलेली असते. पावसाळ्याआधी चालकाकडून प्रत्येक घराचा हा आकडा लेखी मागा. तो त्याच्याकडे असतो, त्यासाठी घरोघरी जावं लागत नाही.

शेजाऱ्याने नवं कनेक्शन घेतल्यापासून आमचं नेट जातंय, ही तक्रार अनेकदा खरी असते. पेटीत जागा संपली की घाईत आलेला माणूस एखाद्या घराच्या फायबरवर दोनाचा आणखी एक स्प्लिटर चढवतो. त्यात साधारण साडेतीन डीबी जातात. उणे २४ वर चाललेलं घर उणे साडेसत्तावीसवर येतं, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. पेटी उघडली की हे डोळ्यांना दिसतं, एका स्प्लिटरच्या शेपटीला दुसरा चिकटपट्टीने बांधलेला असतो. तशीच दुसरी गोष्ट कनेक्टरच्या रंगाची. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांच्या कोनात घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्याच्या खोबणीत बसतो, पण काचा एकमेकींना नीट टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि प्रकाश तिथेच वाया जातो. पेटीत हिरव्याला निळा जोडलेला दिसला तर फोटो काढून चालकाला पाठवा. स्वतः ओढून बघू नका, आणि वॉचमनलाही सांगून ठेवा की उघड्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला लेझर दिसत नाही, पण असतो.

डक्टमध्ये फायबर कसं नेलंय तेही बघा. जादा केबलची गुंडाळी ६ सेंटीमीटर व्यासाहून लहान नको. डक्टच्या दारात दाबली गेलेली, प्लास्टिकच्या टायने करकचून आवळलेली किंवा खिळा मारलेल्या क्लिपखाली चेपलेली केबल तुटत नाही, पण प्रकाश गळतो. उंदीर हा मुंबईत कायमचाच प्रश्न. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घालून दोन्ही तोंडं स्टीलच्या काथ्याने बुजवली की तो बराच सुटतो. हा पाइप विजेच्या मुख्य केबलपासून वेगळा ठेवा, कारण काच वीज वाहून नेत नसली तरी बाहेरून येणाऱ्या फायबरच्या सोबत बऱ्याचदा पोलादी तार असते.

लॅन केबलच्या इमारतींत समुद्राची हवा मोठं काम करते. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. वर्सोवा, वांद्रे, कुलाबा, वरळीसारख्या ठिकाणी तिची टोकं लवकर गंजतात. आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक गेली की हजार एमबीपीएसची लाइन बऱ्याचदा शंभरवर येते. गाण्याला शंभर पुष्कळ झाले, पण त्यानंतरचा टप्पा लाइन मधूनमधून पडण्याचा असतो. केबल बदलताना पूर्ण तांब्याची कॅट-६ घ्यायला सांगा आणि स्विचपासून घरापर्यंत १०० मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर तांब्याची केबल तर अजिबात नको. विजांच्या पहिल्या पावसात स्विचचे पोर्ट जळतात ते तिच्यातूनच. तिथे फायबर हवं.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि इमारतीचं रंगकाम यांबद्दल एकच सांगणं. ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घाला की परांची बांधण्याच्या तीन दिवस आधी सगळ्या इंटरनेट चालकांना कळवायचं आणि तोडलेल्या केबलचा खर्च ठेकेदाराचा. ही ओळ नसली की केबल बाजूला केल्या जातात, म्हणजे कापल्या जातात. गणेशोत्सवाचा मंडप गेटजवळ उभारणाऱ्या मंडळालाही केबल कुठून जाते ते आधी दाखवून द्या. कार्यकर्ते जपून काम करतात, त्यांना माहीत नसतं एवढंच.

आता मार्गाबद्दल. आमच्याकडे तीन कंपन्या आहेत, असं समिती सांगते तेव्हा आम्ही विचारतो, त्या तिघी आत कुठून येतात? उत्तर बहुतेक एकच असतं, समोरच्या एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून. रस्ते खोदायची कामं शहरात कुठे ना कुठे होतच असतात. जेसीबीचा एक फटका तिन्ही लाइन घेऊन जातो. निदान एक चालक जमिनीखालून आणि एक वेगळ्या बाजूने, शक्यतो दुसऱ्या रस्त्याकडून येईल असं बघा. आवारात पेव्हर ब्लॉक बदलायचे असतील तेव्हाच गेटपासून मीटर रूमपर्यंत ५० मिलिमीटरचे दोन पाइप टाकून आत दोर ओवून ठेवा. नंतर पुन्हा खोदायला लागत नाही. एकाच चालकाकडून ठेव घेऊन बाकीच्यांना दार बंद करणाऱ्या सोसायट्यांना आमची कळकळीची विनंती आहे की तो करार मोडा. दुरुस्तीला माणूस कधी येणार हे मग तो एकटाच ठरवतो.

ज्यांचा पुनर्विकास होऊ घातला आहे त्यांच्यासाठी ही संधी मोठी आहे. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम आणले. मानांकन ऐच्छिक आहे, पण विकासकाशी वाटाघाटी करताना हाताशी ठेवायला उपयोगी आहे. करारात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या : दूरसंचारासाठी कुलूपबंद स्वतंत्र जागा, प्रत्येक मजल्यावर उघडणारा उभा डक्ट, आणि त्या जागेला जनरेटरवरचा सॉकेट. पार्किंगवर जितका वेळ भांडता त्यातला अर्धा तास याला द्या.

नेट गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सोसायटी जे करू शकते ते दुसरं कुणीच करू शकत नाही. फायबर मॉडेमवर लॉस नावाचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच पोचत नाही, काच कुठेतरी तुटली किंवा जोड सुटला आहे. पॉन दिवा लुकलुकत राहिला म्हणजे प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. दोन्ही ठीक पण इंटरनेटचा दिवा बंद, तर लॉगइन, बिल किंवा कंपनीची पुढची यंत्रणा. सगळे दिवे हिरवे आणि तरीही अ‍ॅप उघडत नाही, तर डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची) शंका घ्या. सभासदांच्या ग्रुपवर ‘नेट गेलं का?’ असं विचारण्याऐवजी मजला, कंपनी आणि लाल दिवा आहे की नाही एवढंच लिहायची शिस्त लावा. एकाच कंपनीच्या सगळ्या मजल्यांवर लाल असेल तर दोष पेटीत किंवा तिच्या आधी, गेटकडे किंवा रस्त्यावर. एकाच घरात असेल तर डक्टमध्ये किंवा घरात. ही माहिती तक्रार क्रमांकासोबत दिली की येणारा माणूस योग्य शिडी आणि स्प्लायसिंगचं (तुटलेलं फायबर जोडायचं) यंत्र घेऊन येतो, नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्यात जाते. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं तर तोच क्रमांक लागतो.

सूचना फलकावर लावण्यासाठी सभासदांना उपयोगी अशा दोन-तीन गोष्टी. स्पॉटिफायच्या ज्या सशुल्क प्लॅनमध्ये सोय आहे त्यात गाणी उतरवून ठेवता येतात. फक्त दर ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं, नाहीतर ती उडतात. लांब मैफली आणि रोजचे अभंग आधीच उतरवून ठेवा. स्मार्ट स्पीकर नेटशिवाय मुका होतो, पण फोनमधली उतरवलेली गाणी बहुतेक स्पीकरवर ब्लूटूथने वाजतात. त्यासाठी नेट असतानाच एकदा जोडणी करून ठेवा, घरातल्या आजी-आजोबांना दाखवून ठेवा. मोबाइल हॉटस्पॉटवर ऐकायचं तर दर्जा ९६ केबीपीएसवर आणा. तासाला १४४ एमबीऐवजी सुमारे ४३ एमबी लागतात.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि स्वतंत्र एमसीबी, यूपीएस, प्रकाशाचे आकडे आणि पाइपची तोंडं ही चार कामं ३१ मेच्या आत उरकून घ्या. पेटीच्या दारावर आतल्या बाजूने प्रत्येक चालकाचं नाव, दुरुस्तीचा फोन नंबर आणि कुठल्या घराची केबल कुठली हे खोडता न येणाऱ्या पेनने लिहून घ्या. मीटर रूमची एक किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडेही ठेवा. रात्री नऊला आलेला माणूस सेक्रेटरी गावाला गेलेत म्हणून परत जातो आणि लाइन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहते, हे आता थांबायला हवं.

कळावे,

आपले,
ब्रॉडबँड जोडण्या आणि घरगुती संगीत यंत्रणेचं काम करणारे काही तंत्रज्ञ
मुंबई